आठ सेकंद

पहाटे साडेतीनला मी ई वॉर्डातली तेरा नंबरची चावी फिरवतो.
लोखंड कुरकुरतं, मग रस्त्याखालून पाणी
माझगावच्या टेकडीकडे धावत सुटतं,
डाव्या बगलेतून निसटलेल्या लेफ्ट-आउटसारखं.
आज सगळं असंच दिसतंय मला.
माफ करा.
दुपारी तीनला उपांत्य सामना आहे.

तुम्हाला माहीत नसणार. पेपरात आलं होतं,
श्रद्धांजलीच्या चौकटीवर, दोन ओळी,
त्यातही आमच्या क्लबाचं नाव चुकलेलं.
डॉकयार्ड युनियन. युनायटेड नव्हे.
एकवीस वर्षांनी इथवर आलोत.
मागच्या वेळी हरलो तेव्हा पोरगी पाळण्यात होती,
आता विचारते, बाबा, तुम्ही गोल मोजायला जाता की माणसं?
माणसं.
गेल्या सामन्याला त्रेचाळीस,
शेंगदाणेवाला धरून.

आमचा गोली अँसेल्म माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर.
काल त्याची पॅडं कठड्यावर वाळत होती,
दोन निळी गाढवं बांधून ठेवल्यासारखी.
रात्री तो खोकला.
मी अंथरुणात उठून बसलो. मोजलं. सहा वेळा.
बायको म्हणाली, सासूबाईंच्या खोकल्याला कधी उठला नाहीत.
खरं आहे.
पण आईला पेनल्टी स्ट्रोक अडवायचा नव्हता,
हे मी ओठांवर येऊ दिलं नाही.
आलं किसलं, मधात कालवलं,
वाटी त्याच्या उंबऱ्यावर ठेवली, बेल मारली
आणि जिना चढून पळालो.
वय वर्षं एकोणपन्नास.

समोर बँकेचा संघ. पगारी पोरं,
मांडी चोळायला वेगळा माणूस, स्टिका पेटीभर.
आमचा मुदस्सर गोदीत क्रेन चालवतो,
साहेबानं रजेवर अजून सही केलेली नाही.
आणि निवृत्ती ढोणे लोणंदहून एसटीनं येतोय, रात्रभर,
मागच्या सीटवर, ज्या कमरेतून
पेनल्टी कॉर्नरचा सारा जोर निघतो, ती कंबर घेऊन.
देवा, त्याची कंबर.
ड्रायव्हरला खड्डे दिसू देत.

मी जास्त मागत नाही.
खोटं. जास्तच मागतो.
चार-शून्य मागतो. मग भीती वाटते, एक-शून्यवर येतो.
मग वाटतं, बरोबरी तरी.
मग आठवतं, बरोबरी म्हणजे शूटआउट,
आणि शूटआउटमध्ये आठ सेकंद
एक पळत येणारा आणि एक उभा,
त्या उभ्याच्या मागे कुणी नसतं.
मी तर नसतोच. मी चौथ्या पायरीवर,
तोच मळका मफलर, डोळे मिटलेले.

टर्फला सामन्याआधी पाणी लागतं.
कोरडं राहिलं की चेंडू अडखळतो, गुडघे सोलतात.
मैदान चर्चगेटला, ए वॉर्डात. तिथली चावी भालेकरकडे.
त्याला फोन केला, अडीचला जरा दाब वाढव.
तो हसला. म्हणाला, तिथं टँकर येतो रे,
आणि पाणी काय तुमच्याच अर्ध्यात पडणार?
यावर मला काही सुचलं नाही.
अजून सुचत नाही.
पडू दे दोन्ही अर्ध्यांत.
चेंडू सरळ येऊ दे, त्यांनाही.
हरलोच तर मैदानाला शिवी द्यायची सोय नको.
(हे दिवसा बोलतोय असं समजू नका. अजून अंधार आहे.)

सव्वापाच. चावी बंद करायची वेळ.
बत्तीस फेरे, हाताला पाठ.
हात दांड्यावर ठेवला आणि थांबलो.
एक. दोन. तीन.
नोकरीत पहिल्यांदाच. साहेबांना सांगू नका.
सात. आठ.
टेकडीवर कुणाची तरी एक कळशी जास्त भरली असेल.

घरी आलो तर माझ्या दारात वाटी.
घासलेली, पालथी.
खालून खोकला ऐकू येत नव्हता,
की नळ चालू होता म्हणून,
कोण जाणे.